रिपोर्ट हिरवा आहे तरी भाऊ म्हणतो आपली रेसच वाईट

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"मॅडम, वय ३९, मुलुंडला राहते, बीकेसीत बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. सकाळी लोकल, दिवसभर खुर्ची, रात्री घरी, व्यायाम शून्य, हे आधीच कबूल करते. सोसायटीत कॅम्प होता तेव्हा फुल बॉडी पॅकेज केलं आणि भावाच्या सांगण्यावरून एक जास्तीची टेस्ट घातली, लिपोप्रोटीन ए. भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याचं हेच वाढलेलं निघालं आणि तिथल्या डॉक्टरने सांगितलं की साउथ एशियन लोकांना हार्टचा धोका जास्त. तेव्हापासून रोज व्हॉट्सॲप, आपली रेसच अशी, आपलं नॉर्मल वेगळं, तुझा रिपोर्ट नॉर्मल आला तरी मानू नकोस. त्याच्या ऑफिसातल्या एका ब्लॅक सहकाऱ्याचा किडनीचा आकडा म्हणे नुसता फॉर्म्युला बदलल्यावर खाली आला! बाबांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता, आईला शुगर आहे. नवरा सिंधी, उल्हासनगरचा, तो म्हणतो हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा. वजन ५८, उंची १५७ सेंमी, सगळे मला बारीकच म्हणतात. आकडे खाली लिहिलेत. रेसमुळे असेल तर मी करणार काय, आणि नसेल तर भावाचे डॉक्टर खोटं बोलतायत का? – रिपोर्टवाली, मुलुंड"

अगं रिपोर्टवाली, पत्रावरून तू माझ्या भाचीच्या वयाची वाटतेस म्हणून एकेरीच लिहिते. माझं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलं त्यामुळे "लॅबवाल्यांचा धंदा" वाचून मी खरं तर चिडायला हवं, पण तुझा नवरा थोडा बरोबर आहे, त्याच्याकडे शेवटी येते. भाऊपण थोडा बरोबर आहे आणि त्याचे डॉक्टर तर बरेच बरोबर आहेत. फक्त भाऊ अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालाय.

आधी खरं काय ते. वेगवेगळ्या वंशाच्या, देशांच्या लोकांचं रक्त घेऊन सरासरी काढली तर काही आकड्यांत फरक येतो, ही अफवा नाही. अमेरिकेत मेसा नावाचा मोठा अभ्यास आहे, २००० साली सुरू झालेला, गोरे, ब्लॅक, लॅटिनो आणि चिनी वंशाचे लोक त्यात आहेत, आपण नव्हतोच. मग २०१० ला तिथल्या साउथ एशियन लोकांसाठी वेगळा सुरू केला आणि त्याचं नाव काय ठेवलं तर मसाला! मी गंमत करत नाहीये, खरंच तेच नाव आहे. दोन्हींची तुलना करून वय वगैरे जुळवून बघितलं तर डायबेटिस गोऱ्यांमध्ये ६ टक्के, चिनी वंशाच्यांत १३, लॅटिनोंत १७, ब्लॅक लोकांत १८ आणि आपल्यांत २३. वजन बघितलं तर आपण त्या सगळ्यांत काही जाडे नव्हतो. हार्टचंही तसंच, इंटरहार्ट म्हणून ५२ देशांचा अभ्यास झाला, त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक मध्यमानाने ५३ व्या वर्षी आणि बाकीच्या देशांत साधारण ५९ व्या वर्षी. म्हणून अमेरिकेतल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या गाइडलाइनमध्ये साउथ एशियन असणं हा धोका वाढवणारा मुद्दा म्हणून चक्क लिहिलाय. भावाच्या डॉक्टरने तेच सांगितलं, खोटं काही नाही.

आता ह्याच इंटरहार्टमधली दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपवर कधी फिरत नाही. अटॅकचा बहुतेक धोका नऊ गोष्टींतून येतो, सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोट, मनाचा ताण, भाज्याफळं न खाणं, व्यायाम नसणं आणि दारूच्या सवयी, आणि ह्या नऊ गोष्टी आपल्याकडेही त्याच, तिकडेही त्याच. आपल्याला अटॅक लवकर येतो कारण ह्यातल्या कित्येक गोष्टी आपल्याकडे लवकर सुरू होतात. म्हणजे रक्तात असं काही गूढ नाहीये जे फक्त आपल्यालाच देवाने दिलंय.

रेस हा शब्द डॉक्टर वापरतात तो खरं तर रेडिमेड ब्लाउजच्या साइजसारखा आहे, माप घ्यायला वेळ नसेल तर अंदाजाने बरा, पण टेप हातात असताना कोणी साइजवर जात नाही. त्या लेबलामागे दरवेळी काहीतरी वेगळंच असतं, कधी जीन, कधी हिमोग्लोबिनचा प्रकार, कधी स्नायू किती आहेत ते, कधी जेवण, कधी निव्वळ गरिबी. ते मागचं जे आहे ते मोजता येत असेल तर मोजायचं आणि लेबल सोडून द्यायचं. तुझ्या रिपोर्टात ह्यातली जवळजवळ प्रत्येक प्रकारची गोष्ट आहे म्हणून तो मला आवडला (रिपोर्ट आवडला म्हणजे काय, पण समजून घे).

लिपोप्रोटीन ए पासून सुरू करते कारण खरंखुरं आनुवंशिक तेच आहे. एलडीएलच्याच, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्याच जातीचा कण, त्याला एक जादा प्रोटीन चिकटलेलं, आणि तुझ्या रक्तात तो किती असणार हे बहुतांशी एका जीनवर ठरतं, तू भाजी खा नाहीतर वडापाव खा त्याला फारसं काही देणंघेणं नाही. लोकांलोकांत फरक मोठा आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये मधला आकडा गोऱ्यांचा १९, साउथ एशियनांचा ३१, ब्लॅक लोकांचा ७५ आणि चिनी लोकांचा १६ नॅनोमोल आला. बघ, आपण सगळ्यात वर नाहीच. आणि मजा अशी की आकडा जेवढा वाढेल तेवढा धोका वाढतो, हे प्रमाण सगळ्या गटांत जवळपास सारखंच निघालं. म्हणजे तुझा आकडा हातात आला की मग तू कुठल्या वंशाची हे ह्या टेस्टपुरतं विचारायची गरजच संपली.

आता तुम्हा दोघांचा घोळ. तू लिहिलंयस माझं ६२ आणि दादाचं १४०, म्हणजे त्याचं दुपटीहून जास्त, म्हणून तो जास्त घाबरलाय. अगं, युनिट बघ! तुझं मिलिग्रॅममध्ये आहे आणि त्याचं नॅनोमोलमध्ये. ह्या दोघांत नेमकं रूपांतर होत नाही, पण ढोबळमानाने एक मिलिग्रॅम म्हणजे दोन ते अडीच नॅनोमोल, तेव्हा बहीणभाऊ जवळपास एकाच पायरीवर उभे आहात. धोक्याची रेघ एका युनिटात ५० आणि दुसऱ्यात १२५ अशी धरतात, दोघंही थोडे वर. बाबांना ५२ ला अटॅक आला तो ह्यामुळेच असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण घरात हे आहे एवढं कळलं. ही टेस्ट आयुष्यात एकदा पुरते, परत परत करून पैसे घालवू नकोस. ती खाली आणायचं खास औषध अजून चाचण्यांमध्ये आहे, स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, ती उतरत नाही. मग उपयोग काय? उपयोग हा की बाकीचं सगळं इतरांपेक्षा जास्त कडक ठेवायचं, एलडीएल, बीपी, शुगर.

आणि तिथेच तुझा रिपोर्ट तुला फसवतोय. टोटल कोलेस्टेरॉल १९३, समोर हिरवा ठिपका कारण २०० च्या आत. तू तो ठिपका बघून पान उलटलंस. आता जरा गणित कर, १९३ मधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३९ वजा, राहिले १५४. ह्याला नॉन एचडीएल म्हणतात, म्हणजे नळीत चिकटणारं जेवढं काही आहे ते सगळं मिळून, आणि भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये अगदी कमी धोका असलेल्यांसाठीसुद्धा ते १३० च्या आत सांगितलंय. तुझ्या घरचा इतिहास बघता तुला त्याहून खाली हवं असं तुझे डॉक्टर म्हणाले तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. टोटल हिरवं दिसतंय ते एचडीएल कमी असल्यामुळे, म्हणजे चांगलं कमी पडलं म्हणून बेरीज छान दिसतेय! ट्रायग्लिसराइड १७८ आणि एचडीएल ३९ ही जोडी तर आपल्याकडे घरोघरी मातीच्या चुली, आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं होतं. एचडीएल वाढवायच्या गोळ्यांच्या मागे लागू नकोस, त्या औषधांनी आकडा वाढला पण अटॅक कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड खाली येतं ते साखर, मैदा, रात्रीचा भाताचा डोंगर कमी करून आणि चालून, आणि ते फार पटकन येतं, बघच.

आता बारीक असण्याबद्दल. तुझा बीएमआय मी काढला, २३.५. गोऱ्यांच्या तक्त्यात तू मस्त नॉर्मल, तिथे २५ पर्यंत चालतं. आपल्यासाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठ धरतात. हे कोणी उगाच कडक केलेलं नाही आणि ह्याची निम्मी कथा आपल्या पुण्यात घडलीय. केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला, दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! दिसायला दोघेही सडपातळ. त्याआधी ह्याच टीमने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली होती, सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधली साडेतीन किलो, आपली बाळं स्नायूने, हाडाने, पोटातल्या अवयवांनी लहान पण चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. थिन फॅट बेबी हे नाव तिथून आलं. म्हणजे हे पोटातून येतं, पण पोटातून येतं म्हणजे सगळं वंशाचंच असं नाही ना, त्यात आईला काय खायला मिळालं, ती शेतात किती राबली, तिची उंची किती, तिच्या आईचं काय, हे सगळं आलं. त्या बाळांना रेस नडली का आईचं ताट नडलं, ह्याचं एका शब्दात उत्तर मागणाऱ्याला मी तरी देणार नाही.

तर तू कंबर मोज. बीएमआय राहू दे. शिंप्याची टेप घे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. परकराची नाडी बांधतेस तिथे नाही हं, बऱ्याच बायका तिथे मोजतात आणि तीन इंच वाचवतात. बायकांना ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषांना ९०. चेन्नईच्या डॉ. मोहन ह्यांच्या टीमने केलेला इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर आहे, त्यात वय ३५ ते ४९ ला २० मार्क, आईवडिलांपैकी एकाला शुगर असेल तर १०, बैठं काम आणि व्यायाम नाही तर ३०. झाले तुझे ६०, आणि ६० पासून जास्त धोका. कंबर अजून मोजलेलीच नाही. ह्यात रेसचा एकही मार्क नाही हे भावाला कळव. व्यायामाचे ३० आणि कमरेचे मार्क कमी करता येतात, वय आणि आई सोडून दे.

शुगर. एचबीए१सी ५.९, फास्टिंग ९६. रिपोर्टावर प्रीडायबेटिस छापलंय कारण ५.७ पासून ते सुरू होतं. इथे थांब. ह्याच रिपोर्टात तिसऱ्या पानावर हिमोग्लोबिन १०.२ आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६८ आहे, ते तू पत्रात अगदी शेवटी लिहिलंस, जसं काही ते महत्त्वाचंच नाही! एचबीए१सी म्हणजे लाल पेशीच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते. पेशी जितकी म्हातारी तितकी साखर जास्त. लोह कमी असेल तर नवीन पेशी कमी बनतात, जुन्याच जास्त वेळ फिरत राहतात, मग शुगर तेवढीच असून आकडा वर दिसतो. तुझं ५.९ खरंच ५.९ आहे का रक्त कमी आहे म्हणून फुगलंय, हे ह्या रिपोर्टावरून मला सांगता येणार नाही आणि कोणालाच येणार नाही.

आणि आता बघ रेसवाल्यांची हीच भानगड. अमेरिकेत कित्येक वर्षं दिसत होतं की ब्लॅक लोकांचा एचबीए१सी जास्त येतो. २०१७ मध्ये टाइप वन डायबेटिसच्या पेशंटना दिवसरात्र शुगर मोजणारी मशिनं लावून बघितलं तर सरासरी शुगर सारखी असतानाही त्यांचा आकडा गोऱ्यांपेक्षा ०.४ ने वर येत होता. आणि त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात उलटं निघालं, आफ्रिकन वंशाच्या काही लोकांत जी६पीडी ह्या लाल पेशींतल्या एन्झाइमचा एक वेगळा प्रकार असतो, त्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो आणि डायबेटिस हातून निसटू शकतो. एकाच गटात दोन्ही! मग त्या गटाला काय म्हणून एक वेगळं नॉर्मल देणार? तेच आपल्या मुंबईत घे, जी६पीडी कमतरता पारशी लोकांत बऱ्यापैकी आढळते, थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजात जास्त, सिकलसेल विदर्भात, नंदुरबारला आदिवासींमध्ये. न्यू जर्सीच्या फॉर्मवर हे सगळे एकाच चौकोनात, एशियन इंडियन.

तर तुझं काम असं, फेरिटिन कर म्हणजे लोहाचा साठा कळेल, आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून थॅलेसेमिया मायनर आहे का ते बघ, एमसीव्ही ६८ दोन्हींत येऊ शकतं. एचबीए१सीच्या रिपोर्टाखाली एक ग्राफ छापलेला असतो, उंच सखल रेषा, कोणी कध्धी बघत नाही, तुझ्याकडे असेल तर डॉक्टरांना तो दाखव, हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असेल तर बरेचदा तिथेच पहिल्यांदा खूण मिळते. मी ह्या ग्राफवरून अख्ख्या घराचं निदान झालेलं बघितलंय. आणि नवरोबांचापण सीबीसी बघ, ते सिंधी आहेत म्हणून संशय घ्यायला हरकत नाही, पण मायनर आहे का नाही हे टेस्ट सांगेल, आडनाव नाही, मराठी घरातही ते निघतं. तुम्ही दोघंही मायनर निघालात तर मुलांच्या दृष्टीने ते लगेच डॉक्टरांशी बोलायचं.

शुगरचा खरा निकाल लावायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त, ओजीटीटी. १४० च्या आत नॉर्मल, २०० आणि वर डायबेटिस, मधलं ते प्रीडायबेटिस. आपल्या लोकांचं बरेचदा फास्टिंग शहाण्यासारखं असतं आणि जेवल्यावर सगळं बाहेर पडतं, म्हणून नुसत्या ९६ वर खुश होऊ नकोस. आणि प्रीडायबेटिस निघालंच तरी रडायचं कारण नाही, २००६ चा चेन्नईचा अभ्यास आहे, प्रीडायबेटिसवाल्या आपल्याच लोकांवर केलेला, नुसतं खाणंपिणं आणि चालणं सुधारून डायबेटिस होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास कमी झालं, मेटफॉर्मिन ह्या शुगरच्या गोळीने २६ टक्के. ज्यांची रेस वाईट म्हणून तुझा भाऊ डोकं धरून बसलाय तेच हे लोक.

किडनीची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून, म्हणजे स्नायूंतून येणाऱ्या कचऱ्यावरून, किडनी किती गाळते ते फॉर्म्युल्याने काढतात. १९९९ चा जो फॉर्म्युला होता त्यात माणूस ब्लॅक असेल तर उत्तराला साधारण १.२ ने गुणायचं. का, तर त्यांचे स्नायू जास्त असतात असा समज, स्नायू जास्त तर क्रिएटिनिन जास्त, म्हणून सूट. २००९ च्या फॉर्म्युल्यातही गुणाकार राहिला, १.१६ च्या जवळपास. आता विचार कर, सडपातळ म्हातारा ब्लॅक माणूस, किडनी बिघडलेली, पण फॉर्मवर रेसची खूण म्हणून कागदावर किडनी बरी दिसतेय. तिकडे किडनी ट्रान्सप्लांटच्या रांगेत नाव लावायला हा आकडा २० किंवा खाली लागतो. किती जण त्या रांगेच्या बाहेर उभे राहिले असतील! २०२१ मध्ये तिथल्या किडनी संस्थांनी हा गुणाकार काढून टाकला, आणि ज्यांचं नाव ह्यामुळे उशिरा लागलं त्यांचा प्रतीक्षेचा काळ मागे नेऊन दुरुस्त करायचं काम २०२३ पासून तिकडच्या हॉस्पिटलांना करावं लागलं. भावाच्या सहकाऱ्याचा आकडा रात्रीत खाली आला तो ह्याच कारणाने, त्याची किडनी रात्रीत बिघडली नाही, आधीचा कागद गोड बोलत होता. मला स्वतःला हे प्रकरण फार लागतं, कारण फॉर्म्युला लिहिणारे दुष्ट नव्हते, अभ्यासात सरासरी तशी आली होती, ती त्यांनी प्रामाणिकपणे घातली, आणि सरासरी माणसाच्या अंगावर घातली की काय होतं ते दिसलं.

तुझं उलट आहे. क्रिएटिनिन ०.६ आणि किडनीचा आकडा ११७, झकास दिसतंय, पण बारीक दंड, कमी स्नायू, त्यात शाकाहारी असलीस तर क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, त्यामुळे आपल्यासारख्यांची किडनी कागदावर असते त्याहून जरा चांगली दिसू शकते. तुला काळजीचं आत्ता काही नाही. शुगर किंवा बीपी निघालं तर लघवीतलं अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो बघायचं, आणि कधी शंका आलीच तर सिस्टाटिन सी नावाची टेस्ट आहे, ती स्नायूंवर तितकी अवलंबून नसते. बघ, इथेपण रेस नको, दुसरं माप आहे.

एचएस सीआरपी ४.१. कॅम्पच्या आठवड्यात सर्दी होती असं तूच लिहिलंयस, मग ह्या आकड्याला काही अर्थ नाही, दोन तीन आठवड्यांनी बरी असताना कर, आणि दात हिरड्या दुखत असतील तर आधी ते दाखव. अंगातली सूज सांगणारा हा आकडा अमेरिकेत ब्लॅक लोकांत सरासरी जास्त येतो, चिनी जपानी लोकांत कमी. तिथेही पहिलं बोट जीनकडे गेलं. पण वजन, कमाई, शेजार, झोप हे हिशोबात धरलं की फरक बराच आटतो. आर्लिन जेरोनिमस म्हणून तिकडच्या संशोधक आहेत, १९९२ पासून त्या सांगतायत की सततचा अपमान आणि ओढाताण माणसाचं शरीर वेळेआधी झिजवते. मला वाटतं आपल्याला हे मुंबईत राहून कळायला अवघड जाऊ नये. उद्या कोणी देवनार डम्पिंगच्या कडेला राहणाऱ्या गोवंडीच्या शंभर बायकांचं आणि मलबार हिलच्या शंभर बायकांचं सीआरपी काढलं आणि फरक निघाला तर त्याला कोणी रेस म्हणेल का? त्यात कित्येक जणी एकाच जिल्ह्यातल्या, एकाच जातीच्यासुद्धा असतील. तिथे धूर दिसतो म्हणून आपण धूर म्हणतो, अमेरिकेत कातडीचा रंग आधी दिसतो म्हणून वड्याचं तेल वांग्यावर.

बी१२ १६८, होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो ॲसिड) १९, व्हिटॅमिन डी १४. हे पटकन उरकते. भाऊ म्हणतो इंडियन लोकांचं होमोसिस्टीन जास्त असतं, असतं ना, कारण आपल्यात बी१२ कमी असतं, कारण आपण मांसमच्छी कमी खातो किंवा खातच नाही. बी१२ भरून काढ, डॉक्टर गोळी देतील नाहीतर इंजेक्शन, होमोसिस्टीन आपोआप उतरेल. ते उतरलं की हार्ट वाचेल असं मात्र समजू नकोस, मोठ्या चाचण्यांत व्हिटॅमिनने होमोसिस्टीन कमी झालं पण अटॅक कमी झाले नाहीत. बी१२ घ्यायचं ते नसांसाठी आणि रक्तासाठी. व्हिटॅमिन डी डॉक्टरांच्या डोसने घे आणि तो विषय सोड, अख्खी मुंबई ट्रेन आणि एसीत बसून १४ वर आहे.

आता नवरा. त्याचं बरोबर कुठे आहे सांगते. ऐंशी टेस्टच्या पॅकेजमध्ये निम्म्या टेस्ट तुला लागणाऱ्या नव्हत्या, आणि बहुतेक टेस्टची रेंज अशी ठरते की धडधाकट लोकांतले मधले ९५ टक्के आत धरायचे, म्हणजे निरोगी माणसाचेही ऐंशीत तीन चार आकडे नुसत्या गणिताने लाल येऊ शकतात. मग लाल बघून पुढची टेस्ट, तिच्यात अजून एक लाल. दर वर्षी हे करायचं काही कारण नाही. त्याचं चूक कुठे आहे तर बाबांचा अटॅक आणि आईची शुगर हा धंदा नाही, ते घर आहे. लिपिड, शुगर, बीपी आणि सीबीसी, एवढं तुझ्यासाठी खरं आहे, बाकी डॉक्टर सांगतील तेव्हा.

आणि प्लीज, नेटवर वाचून स्टॅटिन किंवा मेटफॉर्मिन स्वतःहून सुरू करू नकोस, भावाने तिथून पाठवली तरी नाही. तुझ्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे सगळा कागद घेऊन जा, त्यांना चार गोष्टी आधी सांग, बाबा ५२, आई शुगर, लिपोप्रोटीन ए ६२ मिलिग्रॅम, हिमोग्लोबिन १०.२, आणि पाळीत जास्त जात असेल तर तेही लाजू नकोस, बहुधा लोह तिथूनच गळतंय. बायका हार्टचं विचारायला जातात आणि पाळीचं सांगत नाहीत, मग सगळं उलटंपालटं होतं.

भावाला काय सांगशील? त्याला सांग, दादा, तुझ्या डॉक्टरने रेस बघून टेस्ट लवकर केली ते चांगलं केलं, आता टेस्ट झालीय, आता एलडीएल किती आणलंस आणि चालतोस का तेवढं बोल. आणि युनिट वाचायला शीक.

फेरिटिन कमी निघालं आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर त्या चहाच्या आसपास घेऊ नकोस, चहाने लोह आत जात नाही, पुढेमागे तासभर तरी सोड, लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर उत्तम. शी काळी होईल, ते गोळीमुळेच असतं, घाबरून परत लॅब गाठू नकोस. तीन महिने तरी सोडायच्या नाहीत, हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच बंद करतात सगळ्या. ते बारा साडेबाराला आलं की मग एचबीए१सी परत करायला सांग, लगेच नाही, नवीन पेशी जुन्या व्हायला दोन तीन महिने जातात, आणि तो आकडा मला कळव.